नानांचा वॉशआउट

दवाखान्यात आलेला माणूस आधी काउंटरवर नाव सांगतो. नाना आधी बेसिनकडे जायचे. नळ घट्ट पिळायचे, थेंब पडतो का ते वाकून बघायचे, मग पिशवीतून हातभर लांब लोखंडी सळई काढून तिचं एक टोक भिंतीतल्या पाइपावर टेकवायचे आणि दुसरं कानाला लावायचे. डोळे मिटून. हृदयाच्या दवाखान्यात रांगेत बसलेली माणसं आपापलं दुखणं विसरून बघत राहायची. आणि नाना भिंतीला विचारायचे, "मांगे येस का?"

मागे येतं का, असं. पाणी. नाना भेटले की नमस्काराच्या जागी हेच ऐकायला मिळायचं.

मी जळगावातल्या एका हृदयरोग दवाखान्यात इकोच्या खोलीत असते. पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, छातीवर गार जेल लावायची, बाई असेल तर पडदा ओढून तिच्याजवळ उभं राहायचं आणि डॉक्टर सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवून हृदय बघत असतील तोवर तिला श्वास धरा, श्वास सोडा सांगायचं. तोंडाने मी फटकळ आहे. डॉक्टर म्हणतात, "ताई, तुमच्या आवाजानंच निम्म्या लोकांचं बीपी वाढतं." वाढू दे. रांग मोडणाऱ्याला मी सोडत नाही. पण नानांपुढे मी हात टेकले होते.

एकदा त्यांनी सळई लावली आणि जाहीर केलं की इकोच्या खोलीच्या भिंतीत पाणी वाहतंय. डॉक्टर घाबरले. लाखो रुपयांचं मशीन त्याच भिंतीला टेकलेलं! दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावला, टाइल्स फोडल्या, भिंत खणली. आतून कोरडी ठणठणीत. आवाज येत होता तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कूलरच्या पंपाचा. मी नानांना धरलं. नाना शांतपणे म्हणाले, "मी पानी शे सांगं. कोनं शे ते नही सांगं." पाणी आहे म्हटलं, कुणाचं ते कुठे म्हटलं, असं. डॉक्टर हसून खुर्चीत मागे रेलले. टाइल्सची धूळ मात्र मी चार दिवस पुसत होते, त्याचं कुणाला काही नाही.

नाना धुळ्याचे. सारी नोकरी पाणीपुरवठ्यात, व्हॉल्व्हमन म्हणून. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. कुठल्या गल्लीला कधी सोडायचं आणि किती वेळ, हे व्हॉल्व्हमनच्या हातात. त्यामुळे धुळ्यात आपल्याला नगरसेवकापेक्षा जास्त माणसं ओळखतात असा त्यांचा दावा होता. "कोना घर लगीन शे का, पहिली पत्रिका माले," असं सांगून मिशीवरून हात फिरवायचे. साहेबांशी बोलून बोलून मराठी चांगली येत होती, पण मनातलं निघायचं ते अहिराणीतच. मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर बायकोला माहेर जवळ पडावं म्हणून जळगावला येऊन राहिले. तिचं माहेर फैजपूरचं.

पेशंट होती ती. अक्का. बुटकी, हसरी, कपाळावर मोठं कुंकू, आणि हातात कायम डबा. आम्ही तिला तपासायचं आणि तिनं आम्हाला जेवू घालायचं, असा रिवाजच पडून गेला होता. तिच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसाठी मी माझा डबा न उघडता परत नेलेला आहे.

अक्काच्या हृदयाची झडप गळत होती. हृदयातून अंगभर रक्त नेणारी जी मोठी नळी, तिच्या तोंडाशीच ही झडप असते. रक्त पुढे गेलं की ती मिटते आणि मागे येऊ देत नाही. अक्काची नीट मिटत नव्हती, ढकललेल्यातलं बरंचसं रक्त परत हृदयात यायचं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावायला घेतलं, तर नानांनी त्यांच्या हातातलं पेन धरलं.

"साहेब, कळलं. टाकीवर पाणी चढवतो त्या पाइपाला असते ती. पंप थांबला की पाणी मागे येऊ देत नाही. आमच्याकडे अशा झडपा मी पोत्यानं बदलल्या." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हिनी बदलता येस का?"

"येते," डॉक्टर म्हणाले. "पण छाती उघडून. मोठं ऑपरेशन आहे, मोठ्या शहरात न्यावं लागेल. आत्ताच नको. आधी गोळी देऊन बघू. गळती वाढली किंवा हृदय ताणायला लागलं, तर मात्र थांबायचं नाही."

अक्का जेल पुसत होती. तिचा हात थांबला. डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं माझ्यासमोरच नानांचं मनगट धरलं. "माले चिरू दिऊ नका," ती म्हणाली. हसरी बाई, पण ओठ पांढरे पडले होते. तिच्या थोरल्या बहिणीला ऑपरेशनला आत नेलं होतं ती परत आलीच नव्हती, हे मला नंतर कळलं. नाना म्हणाले, "नही चिरू दिऊ. मी शे ना." आणि उगाच जाऊन बेसिनचा नळ पिळून आले.

गोळी सुरू करायची ती डॉक्टरांनी आमच्यासमोरच केली. सकाळी एकदा इको, मग गोळी, मग दोन-तीन तास बसवून पुन्हा इको, म्हणजे गोळीनं काय फरक पडतो ते डोळ्यांनी दिसतं. नवऱ्यांना मी पडद्याबाहेर ठेवते. नाना ऐकेनात. "बठ्ठी उमर गळती पाहण्यात गेली, ताई, आणि घरची गळती पाहू नको?" शेवटी स्टुलावर बसवलं, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

मशीनच्या पडद्यावर रक्त रंगात दिसतं. एकीकडे जाणारं लाल, दुसरीकडे जाणारं निळं, आणि गळतीच्या जागी पिवळं-हिरवं सगळं मिसळून उसळलेलं. आवाजही ऐकू येतो, प्रत्येक ठोक्यामागे एक लांब फुसकारा. नाना पुढे वाकून बघत होते. "मांगे ई राह्यनं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना हा प्रश्न विचारावा लागला नाही.

गोळी घेतल्यावर मधला वेळ काढायचा होता. अक्कानं डबा उघडला आणि नानांनी धुळ्याच्या गोष्टी. त्यातली एक साहेबांची. टाकीखालचा एक मोठा व्हॉल्व्ह कायम गळायचा. नवा मागवला की वरून उत्तर यायचं, साहेब येऊन पाहतील मग ठरेल. आणि साहेब यायचे तोवर नानांनाच नवा नको झालेला असायचा, कारण बदलायचा तर रस्ता खणा, पाणी बंद करा, लोकांच्या शिव्या खा.

"मंग काय करू मी?" नानांनी डोळे बारीक केले. "लाइनच्या शेवटी गाळ काढायला एक तोंड असतं. वॉशआउट. साहेबांची गाडी दिसली की आमचा माणूस तिकडे तो उघडे. पुढे वाट मोकळी झाली की लाइनीतला दाब खाली. दाब खाली की व्हॉल्व्हचं गळणं बंद. साहेब वाकून पाहे. कुठे शे गळती? बठ्ठं बराबर शे, साहेब! साहेब खुश, चहा पिऊन रवाना."

"आणि साहेब गेल्यावर?" मी विचारलं.

"गयात का मंग परत चालू!" म्हणून नाना असे हसले की बाकड्यावरची सगळी रांग हसली. अक्का पदर तोंडाला लावून हसली. ही गोष्ट तिनं कितीदा ऐकली असेल, पण नवीन असल्यासारखी हसली. मीही हसले.

दुपारी पुन्हा इको केला. ती पिवळी-हिरवी उसळी निम्म्यावर आली होती. डॉक्टर खुश झाले. "बघा नाना, या गोळीनं रक्तवाहिन्या सैल होतात. पुढची वाट मोकळी झाली, रक्ताला पुढे जाणं सोपं झालं, म्हणून मागे कमी येतंय."

नानांनी मांडीवर थाप मारली. "वॉशआउट!"

काय ते मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. त्यांना ती उपमा फार आवडली. पण ते हेही म्हणाले, आणि मी तिथेच उभी होते, "पण लक्षात ठेवा नाना, झडप दुरुस्त झालेली नाही. दाब उतरला म्हणून गळती कमी दिसते. झडप आहे तशीच आहे." नानांनी मान हलवली. त्यांचं लक्ष अक्काकडे होतं. ती उठून बसली होती, पदर सारखा करत होती, आणि तिच्या ओठांना रंग आला होता. "काय म्हने डाक्टर?" तिनं विचारलं. "बठ्ठं बराबर शे," नाना म्हणाले. सगळं बरोबर आहे, असं.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी ही जोडी यायची. नानांनी घरात मिठावर पहारा बसवला होता. मिठाची बरणी ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे आणि किल्ली जानव्याला बांधतात तशी गळ्यातल्या दोऱ्याला. फैजपूरला अक्काच्या भाचीच्या लग्नात यांनी थेट आचाऱ्याला गाठून वरण-बट्टीच्या पातेल्यात मीठ किती टाकलं विचारलं. आचारी पळी घेऊन मागे लागला. अक्का ही गोष्ट सांगताना लाजून लाल व्हायची, पण सांगायची मात्र न चुकता.

इको चांगला आला की बक्षीस ठरलेलं. दवाखान्याखालच्या दुकानातून केळीच्या वेफर्सची पुडी. आता वेफर्स म्हटले की मीठ आलंच. तर हा माणूस पायरीवर बसून एकेक वेफर उपरण्याला पुसायचा, उन्हात धरून बघायचा, मग अक्काच्या हातावर ठेवायचा. अक्का कुरकुर खायची. "याले काय चव शे?" म्हणायची, आणि पुढच्यासाठी हात पसरायची. मी खिडकीतून बघायची. माझ्या नवऱ्यानं मला आख्ख्या संसारात एक वेफर पुसून दिला असता, तर माझी जीभ इतकी धारदार झाली नसती.

इको दर वेळी चांगला यायचा. गळती मध्यम, वाढ नाही. गोळी छान काम करतेय. पण पुढे पुढे डॉक्टर पडद्यासमोर जास्त वेळ घ्यायला लागले. हृदयाचा कप्पा मोजायचे, पुसायचे, पुन्हा मोजायचे. "गळती वाढत नाही आणि कप्पा मोठा होतोय," ते एकदा म्हणाले. "हे जुळत नाही. अक्का, चढताना दम लागतो का?"

अक्कानं नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "वय झालं, साहेब. दम मलेबी लागतो."

"गोळी रोज घेता ना? दिली तेवढीच?"

"बठ्ठं बराबर शे."

डॉक्टरांनी मोजमाप कागदावर लिहिलं. "मला वाटतं एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवून या. चित्र चांगलं दिसतंय म्हणून मी जोर करत नाही. पण दाखवून या." नाना हो म्हणाले. त्या दिवशीही खाली वेफर्स पुसणं झालं. दाखवायला मात्र कुणी गेलं नाही.

मग ती सकाळ. मी नुकतीच येऊन मशीनवरचं कापड काढत होते, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. नानांनी आणि रिक्षावाल्यानं अक्काला खुर्चीत घालून वर आणलं. झोपता येत नव्हतं तिला, बसूनच श्वास ओढत होती. कपाळावरचं कुंकू घामानं खाली उतरलं होतं. डॉक्टरांनी बसलेलीच ठेवून इको केला. पडदा सगळा भरून गेला. लाल निळं कुठे दिसेना, नुसतं पिवळं-हिरवं. तो फुसकारा एवढा मोठा होता की बाहेर बाकड्यावरची बोलणी थांबली.

"हे एकाएकी होत नाही," डॉक्टर म्हणाले. नानांकडे बघून म्हणाले. "नाना, हे एकाएकी होत नाही."

नाना सळईची पिशवी छातीशी धरून उभे होते.

अॅम्ब्युलन्स बोलावली, नाशिकला नेलं. तिथल्यांनी सांगितलं, झडप बदलता आली असती, आधी आणलं असतं तर. आता हृदयात ऑपरेशन सोसण्याएवढा जोर उरला नाही. अक्का तिथेच गेली.

नाना आले ते बऱ्याच दिवसांनी. रांग होती. मी काउंटरवरून पाहिलं, बेसिनचा नळ ठिबकत होता. नाना त्याच्यासमोरून गेले. थांबले नाहीत. हातात सळई नव्हती. मला तिथेच रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांना मी इकोच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. डॉक्टर राउंडला गेले होते. नाना त्याच स्टुलावर बसले. पिशवीतून उरलेल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या, कुणा गरिबाला द्या म्हणाले.

"ताई, तुम्हाले साहेबांची गोष्ट सांगितली होती ना. वॉशआउटची."

"हो."

"दर इकोच्या दिवशी सकाळी मी तिला जास्तीच्या गोळ्या द्यायचो. घरी. निघायच्या आधी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. साहेबांची गाडी दिसली की पुढचं तोंड उघडायचं. दाब खाली, गळणं बंद. डॉक्टर वाकून बघणार, कुठे आहे गळती. आणि घरी गेल्यावर परत चालू.

मला राग आला. खरं सांगते, असा राग आला की या माणसाला हाताला धरून बाहेर काढावं. "नाना, डॉक्टर म्हणाले होते! झडप तशीच आहे म्हणाले होते, माझ्यासमोर! तुम्ही आयुष्य घातलं त्यात, तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं," नाना म्हणाले. "मालेच तर कळत होतं."

नानांनी गोळ्यांचं पाकीट उलटं करून ठेवलं.

"चित्र वाईट आलं असतं तर तिला नेलं असतं चिराले. ती जीव मुठीत धरून यायची इथे, ताई. आदल्या दिवसापासून जेवायची नही. आणि मी बाहेर येऊन बठ्ठं बराबर शे म्हटलं का, असं तोंड व्हायचं तिचं... तुम्ही पाहिलंय. त्या तोंडासाठी मी करायचो. मनात म्हणायचो, या वेळी शेवटचं, पुढच्या वेळी खरं दाखवू. पुढच्या वेळी परत ती तशीच पाहे माझ्याकडे."

"अक्काला माहीत होतं?"

"तिनं कव्हयच इचारं नही. हात पुढे करे, मी गोळी ठेवायचो." त्यांनी तळहात उघडून दाखवला, वेफर घ्यायला ती पसरायची तसा. "चिरलं नही तिले. शब्द पाळला मी. नाशिकला ती मले म्हणे, चिरतीन का? मी म्हटलं, नही. मंग तिनं डोळे मिटले."

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. समोर एक म्हातारा बसला होता, ज्याच्या घरात आता मिठाच्या बरणीला कुलूप लावायची गरज नव्हती, आणि किल्ली अजून गळ्यात होती.

"ताई, एक काम होतं. या मशीनमध्ये तिचं ठेवेल असतं ना? आधीचं?"

असतं. प्रत्येक पेशंटचं थोडं थोडं चित्र आम्ही साठवतो, आवाजासकट. मी अक्काचं नाव शोधलं. इतक्या भेटींची इतकी चित्रं. मी त्यातलं एक चांगलं निवडलं, गळती कमी असलेलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. नानांनी माझा हात धरला.

"ते नको. त्या दिननं लाव. रिक्षानं आणली त्या सकाळचं."

"नाना, ते कशाला बघता?"

"बाकीचं बठ्ठं मी केलेलं शे," नाना म्हणाले. "ते एकच तिचं सोताचं शे."

मी लावलं. ते चित्र थोडंच असतं, काही ठोक्यांचं. पण संपलं की मशीन आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, त्यामुळे हृदय थांबत नाही. पडदा पिवळ्या-हिरव्यानं भरला आणि तो मोठा फुसकारा खोलीभर झाला. नाना स्टूल ओढून पुढे सरकले. त्यांनी मशीनच्या पत्र्याला कान लावला आणि डोळे मिटले.

"मांगे येस," ते हळूच म्हणाले. "मांगे येस वं माय."

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली, आमचा नंबर कधीचा झालाय म्हणून. मी उठून मशीन बंद करायला हात पुढे केला. नानांनी डोळे उघडले नाहीत, नुसती मान हलवली.

मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं, आणि रांगेला सांगितलं की आत पेशंट आहे, थांबावं लागेल.